मदत हवी आहे: मार्क १ रणगाड्याच्या दुय्यम गिअरचे रेखाचित्र

१९१६ च्या मार्क १ या ब्रिटिश रणगाड्याचे १:३५ मापातले मॉडेल, आतल्या यंत्रणेसह, करायचे आहे. २८ टनांचे हे धूड वळवायला चौघे लागत. चालक गाडी थांबवून डिफरन्शियल (दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअररचना) लॉक करी आणि इंजिनाच्या आवरणावर ठोकून मागच्या गिअरवाल्याला खूण देई. १०५ अश्वशक्तीच्या डेमलर इंजिनाच्या गोंगाटात हाक ऐकूच येत नसे. गिअरवाला दुय्यम गिअरच्या दांडीने एका बाजूचा पट्टा न्यूट्रलमध्ये टाकी, कमांडर त्याच बाजूचा ब्रेक ओढी, मग दुसऱ्या पट्ट्याच्या जोरावर गाडी वळे.

मार्क ५ ची छेदचित्रे कृपया नकोत. त्यात अभियंता विल्सनचे एपिसायक्लिक (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे) गिअर आहेत, एकटा चालक पुरतो. मार्क १ किंवा ४ मधल्या दुय्यम गिअरच्या दांड्यांचे, बाजूने दिसणारे, मोजमापांसह चित्र कुणाकडे आहे का? दांडीची उंची आणि जमिनीपासूनचे अंतर हवे.