जोडतास : आपापले अनुभव सांगा

फळाखडू
आज कपाट आवरताना जुनी टाचणवही सापडली. एका पानावर लाल शाईत माझंच अक्षर : "३५ मिनिटांत संपलं. आता?"
नोकरीचं पहिलं वर्ष, विज्ञान, ८० मिनिटांचा जोडतास, म्हणजे दोन तास सलग. टाचण ४० मिनिटांचंच काढलेलं. म्हटलं सावकाश बोललं की पुरेल. घनतेची व्याख्या, सूत्र, दोन उदाहरणं झाली आणि मी खडू खाली ठेवला. मग तेच सगळं पुन्हा, फक्त मोठ्या आवाजात. दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा खोडरबरात पेन्सिल खुपसत बसला होता. घंटा होईपर्यंत त्याची चाळण झाली.
पुढच्या आठवड्यात तेच खोडरबर मागून घेतलं. पाण्यात टाकायच्या आधी विचारलं, तरंगेल की बुडेल? निम्मा वर्ग म्हणे भोकं पडलीत, हलकं झालंय, तरंगणार. वीस मिनिटं नुसती भांडणं. टाकल्यावर भोकांतून बुडबुडे आले आणि गेलं तळाला. भोकांत पाणी शिरलं म्हणजे रबराची घनता थोडीच बदलते, हे मी नाही, मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी ८० मिनिटं कमी पडली.
तुमचं काय?

मागचा_बाक
मी शिक्षक नाही, भोगलेला विद्यार्थी. गणिताचा जोडतास, सर फळ्याकडे तोंड करून. पंख्याला किती पाती आहेत ते अजून आठवतं, गणित नाही.

सरळरेषा
@मागचा_बाक 😂 फळ्याकडे तोंड करणारी मीच असेन.
आता तुकडे पाडते. आल्याआल्या वह्या बंद, मागच्या तासाचे तीन प्रश्न कोऱ्या कागदावर. गुण नाहीत, नुसतं आठवायचं. मग १५-२० मिनिटं मी बोलते, मग त्यांनी सोडवायचं, मी बाकांमधून फिरते. कोण कुठे अडलंय ते फिरल्यावरच कळतं. लहान तासात तेवढा वेळच मिळत नाही.
गटकाम मात्र फसलं. चौघांत एक लिहितो, तिघं त्याची पेन्सिल बघतात.

उशिराची_घंटा
गटकामावर उपाय जिगसॉ. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाकडे एकच तुकडा, तो त्यानेच बाकीच्यांना समजवायचा. फुकट बसायला जागाच नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत ही पद्धत आणली, तीही मुळात वेगवेगळ्या वंशांच्या मुलांमधली तेढ कमी व्हावी म्हणून. ४० मिनिटांत करायला जाऊ नका. गट बदलून बाक सरकवेपर्यंतच घंटा होते. अनुभवाचे बोल.

वेलांटी
भाषा शिकवते. प्रश्न विचारून गप्प बसायला शिकले, एवढीच माझी कमाई. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, गप्प मुलंही बोलतात. ऐकायला सोपं. मनात एक, दोन, तीन म्हणताना घाम फुटतो हो. बाकी नंतर लिहिते, कपडे वाळत घालायचेत.

परीक्षानळी
प्रयोगशाळेत जोडतासच हवा. शेवटची दहा मिनिटं नळ्या धुण्याची, हे टाचणातच लिहा. नाहीतर पुढच्या तासाच्या बाई दारात आणि आपण फडकं हातात.

अर्धी_रजा
सगळे कौतुकच करताय म्हणून सांगते. जोडतासाला मूल एक दिवस आलं नाही की दोन तास बुडतात. आणि आठवड्यातून दोनदाच भेट, मधल्या दिवसांत सगळं पुसलं जातं. मला रोजचा छोटा तास परवडतो.

सरळरेषा
@अर्धी_रजा हे खरंय. ते तीन प्रश्न त्यासाठीच सुरू केले.

परीक्षानळी
पाय दुखतात का कुणाचे? सलग उभं राहून पोटऱ्या भरून येतात.

वेलांटी
आले परत. पायांचं विचारू नका, माझा तर घसाही बसतो. मुलांना वाचायला लावते ते अर्धं त्यासाठीच 🙈

मागचा_बाक
@फळाखडू ते खोडरबर परत दिलंत का?

फळाखडू
दिलं की, ओलंच. बाकावर बसायच्या आत त्याने पुन्हा पेन्सिल खुपसली.