मदत हवी आहे: मुलासाठी एका पात्याचा रेझर, ब्रश आणि दाढीचा साबण

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. जूनपासून अंधेरीच्या एका हॉटेलात ट्रेनी म्हणून लागलाय. तिथे रोज गुळगुळीत दाढी लागते, खुंट दिसलेला चालत नाही. त्याची दाढी राठ आणि कुरळी. तीन पात्यांच्या रेझरने रोज घोटून घोटून गळा लाल फोडांनी भरलाय. परवा ट्यूबलाइटखाली बसवून नीट बघितलं, तर डाव्या जबड्याखालच्या फोडांत काळा केस आतल्या आत वेटोळं घालून बसलेला दिसला. मला बघवेना.

त्वचेच्या डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं. जास्त पाती असली की पुढचं पातं केस ओढून धरतं आणि मागचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. सरळ केस वाढून बाहेर येतो, कुरळा आतच वळतो. आठ दिवस दाढी बंद, मलम लावायचं आणि नंतर एकाच पात्याने, केसांच्या दिशेने करायची. हॉटेलसाठी चिठ्ठीही दिली. सोमवारी तो पुन्हा कामावर जाईल, म्हणून ही घाई.

त्याचे बाबा तो सात वर्षांचा असताना गेले. दाढी कशी करतात हे त्याला कुणी दाखवलंच नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. त्यामुळे इथल्या दादा-काकांना विचारतेय.

बाराशे रुपयांत सगळं बसवायचंय. पात्यांचा खर्च फार नाही असं दिसतं. एक पातं पाच दाढ्या चाललं आणि आठवड्याला सहा दाढ्या धरल्या, तरी वर्षाला साठ-बासष्ट पाती. दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं कुठल्याही कंपनीचं घ्या, या रेझरांत बसतं. आमच्या वाण्याकडे सेव्हन ओ'क्लॉक, टोपाझ आणि सुपरमॅक्स अशी तिन्ही आहेत. नवशिक्याला यातलं कुठलं सौम्य पडेल?

रेझरचं मात्र कळत नाहीये. दांडा फिरवला की वरची दोन झाकणं फुलपाखरासारखी उघडतात तो एक, आणि तीन भाग सुटे होतात तो दुसरा. पहिल्यात पातं बदलताना बोटं धारेपासून लांब राहतात, दुसरा धुवायला सोपा. प्लॅस्टिकचा स्वस्त आहे, पण हलका रेझर हाताने दाबला जातो आणि धातूचा स्वतःच्या वजनाने चालतो असं ऐकलं. त्याला दाबायचीच सवय आहे, म्हणून माझा कल धातूकडे आहे. फणीसारखे उघडे दात असलेला घेऊ नये, एवढं ठरवलंय.

आता साबण. परवा स्टीलच्या वाटीत अंघोळीचा साबण फेसून बघितला. मोठे बुडबुडे आले आणि मिनिटभरात बसले. दाढीच्या साबणात पोटॅश आणि स्टिअरिक आम्ल असतं, त्याने फेस दाट होतो आणि टिकतो. तो साबण ब्रशसकट शेजाऱ्यांकडून आणला, तर तोही नीट फेसेना, वाटीच्या कडेला पांढरी साय धरली. मग डोक्यात आलं, आमच्या भांडुपच्या सोसायटीत दुपारी टाकीत बोअरिंगच्या टँकरचं पाणी येतं. सकाळी महापालिकेचं पाणी आल्यावर तोच साबण, तोच ब्रश घेतला, आणि फेस दह्यासारखा घट्ट उभा राहिला. महापालिकेचं हे तानसा-भातसा धरणांचं पाणी पावसाचं, मऊ. बोअरिंगच्या पाण्यातला क्षार साबण खाऊन टाकतो. तेव्हापासून दाढीसाठी सकाळी तांब्याभर पाणी वेगळं काढून ठेवायचं ठरवलंय. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी हे करून बघाच, रेझर बदलण्याआधी.

शिकणाऱ्याला वडी बरी की ट्यूबमधलं क्रीम? ब्रश सिंथेटिक घ्यायचा विचार आहे. प्राण्यांच्या केसांचा सासूबाईंना चालणार नाही, शिवाय पावसाळ्यात आमच्या बाथरूममध्ये टॉवेलसुद्धा वाळत नाही. दादरला मिळेल की मस्जिद बंदरला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटला जाऊ?

भर, रविवार रात्र:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही बहुतेकांनी तीन भागांचा धातूचा, बंद दातांचा सांगितलात, तोच दादरला मिळाला. सोबत सिंथेटिक ब्रश, क्रीमची ट्यूब, सेव्हन ओ'क्लॉकची पाती आणि तुरटीचा खडा. बाराशेच्या आत बसलं.

येताना खालच्या सलूनवाल्या काकांकडे त्याला घेऊन गेले. वस्तऱ्यात ते अर्धं पातं घालतात, म्हणजे एकाच धारेचं काम त्यांच्या हातात मुरलेलं. त्यांनी त्याच्या गालावरून उलटं बोट फिरवून केस कुठे वळतात ते दाखवलं. म्हणाले, "बाळा, आधी दोन मिनिटं फेस मुरू दे. दांडा गालापासून लांब धर आणि ओढ, दाबू नकोस." पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी त्याने फक्त गाल केले. एक बारीकसा काप गेला, तुरटीने थांबला. गळ्याला हात लावला नाही, फोड अजून पूर्ण बसले नाहीत.

आता गळ्याचंच विचारायचंय. डाव्या बाजूचे केस खाली न वाढता आडवे, कानाकडे वाढतात. तिथे रेझर आडवा, कानाकडे ओढायचा का? आणि कातडी ताणून धरली तर केस जास्त खोल कापला जाऊन पुन्हा आत वळेल का? उद्या पहाटे साडेपाचला तो उठेल. त्याआधी कुणी हे वाचलं तर कृपया सांगा.