ड्यूनचा तिसरा भाग येण्याआधी ‘मसाया’ वाचू का? (आणि चानी परत येणार तरी कशी?)

वाळूमांजर:
नमस्कार मंडळी. १८ डिसेंबर २०२६ ही ‘ड्यून’च्या तिसऱ्या भागाची जाहीर झालेली तारीख. आधीचे दोन्ही भाग थिएटरात पाहिलेत, पुस्तक मात्र एकही वाचलेलं नाही. तिसरा भाग फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून मसाया’वर बेतलाय एवढं ठाऊक आहे. तर सल्ला हवाय. आधी पुस्तक वाचून जावं की पाटी कोरी ठेवावी? वाचायचं तर थेट ‘मसाया’ घेतलं तर चालेल का?

आणि खरा छळणारा प्रश्न वेगळाच आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायक पॉल सम्राटाच्या मुलीशी, इरुलानशी, लग्न ठरवतो, आणि त्याची प्रेयसी चानी तोंड फिरवून निघून जाते आणि सँडवर्मची (वाळवंटातल्या अजस्र अळीची) वाट बघत उभी राहते. आमच्या घरी यावरून वाद चालू आहे. नवरा म्हणतो, आता तीच पॉलच्या विरोधात उठणार. मला पटत नाही. तुमचे तर्क सांगा. मला स्पॉयलरचं वावडं नाही. नवऱ्याला आहे, पण तो इकडे फिरकत नाही, तेव्हा बिनधास्त लिहा.

टिनपाट:
खुर्ची टाकून बसलोय. येऊ द्या.

हस्तलिखित:
वाचा. पाटी कोरी ठेवण्यात फारसं काही मिळणार नाही, कारण ती मजा हर्बर्टनेच ठेवलेली नाही. ‘मसाया’च्या सुरुवातीलाच चार जण एकत्र बसून पॉलला कसं संपवायचं ते बोलतात. बेने जेसेरिट या स्त्रीपंथाची मोहियम, अंतराळप्रवास हाती असलेल्या गिल्डचा नेव्हिगेटर (जहाजांना वाट दाखवणारा) एडरिक, जनुकांशी खेळणाऱ्या ट्लेलाक्सू लोकांचा बहुरूपी स्काइटेल आणि खुद्द पॉलची लग्नाची बायको इरुलान. कोण कुणाच्या बाजूने, ते लगेच उघड. पॉललाही पुढचं दिसतंच. वाचकाला माहीत, नायकाला माहीत, आणि तरी माणूस त्याच वाटेने चालत राहतो. का, यावर सगळं पुस्तक उभं आहे. सहदेवाला सगळं कळायचं पण विचारल्याशिवाय सांगायची मुभा नव्हती, असं आपल्याकडे सांगतात. पॉलला तर येताजाता सगळे विचारत असतात, तरी त्याची सुटका नाही.

थेट ‘मसाया’ मात्र घेऊ नका. आधी पहिलं.

नागपुरी_उन्ह:
काहून घेऊ नये? पहिलं पुस्तक अर्ध्यात सोडून दिलेले लोक मी ढिगाने पाहिलेत. शंभर पानं झाली की शब्दांच्या अर्थासाठी मागची यादी चाळून चाळून माणूस थकते. ‘मसाया’ त्याच्या निम्म्याहून छोटं आहे. सिनेमे पाहिलेत ना ताईंनी? मग झालं. घ्या आणि वाचा.

हस्तलिखित:
सिनेमे पाहिलेत म्हणूनच सांगतोय. सिनेमाचा शेवट आणि पुस्तकाचा शेवट एक नाही. पुस्तकात पॉल मसाला (अराकिस या वाळवंटी ग्रहावरच मिळणारं, भविष्य दाखवणारं द्रव्य) कायमचा नष्ट करायची धमकी देतो आणि तिथेच गिल्ड गुडघे टेकते, कारण मसाल्याशिवाय त्यांच्या नेव्हिगेटरांना वाट दिसत नाही. सिनेमात धमकी आहे, पण गिल्ड जवळजवळ दिसतच नाही. बड्या घराण्यांनी नकार दिला आणि युद्धाला तोंड फुटलं, एवढंच दिसतं. आता ‘मसाया’त एडरिक कटात का असतो? एका नेव्हिगेटरला दुसऱ्या भविष्य पाहणाऱ्याच्या नजरेपासून आजूबाजूच्यांना झाकून ठेवता येतं म्हणून. तो आपल्या वायूच्या टाकीत तरंगतोय तोवर पॉलला पुढचं बाकी दिसलं तरी हा कट दिसत नाही. हे कलम काढलं तर अख्खा कटच कोसळतो. मला सगळ्यात जास्त उत्सुकता याची आहे की दिग्दर्शक व्हिलनव हे दाखवणार कसं. दोन सिनेमांत गिल्डला अंगठ्याएवढी जागा दिली आणि आता तिसऱ्यात तिच्यावाचून पान हलणार नाही.

आडवाट:
+१. माझा अंदाज, सुरुवातीच्या वीस मिनिटांतच नेव्हिगेटर दाखवतील, तोही पूर्ण. इतकी वर्षं राखून ठेवलंय ते याचसाठी.

बाकी, काळाचं गणित बघितलंय का कुणी? पुस्तकात ‘मसाया’ बारा वर्षांनी सुरू होतं. पण तिथे पहिल्या पुस्तकाच्या शेवटी पॉलची बहीण आलिया जन्मलेली असते, चालती-बोलती, आणि खलनायक बॅरनला तीच मारते. सिनेमात ती अजून आईच्या, जेसिकाच्या पोटात आहे आणि बॅरनला पॉल मारतो. म्हणजे बारा वर्षं ठेवली तर आलिया बारा वर्षांची, आणि भूमिकेत तर प्रौढ नटी, अन्या टेलर-जॉय. दुसऱ्या भागात समुद्रकिनाऱ्यावर ती क्षणभर दिसली होती, आठवतंय? तेव्हा हा काळ किमान पंधरा-सोळा वर्षांचा तरी करावाच लागेल. त्याने चानीचा प्रश्न अर्धा सुटतो. इतक्या वर्षांत राग निवळायला भरपूर जागा आहे.

वाळूमांजर:
म्हणजे सिनेमा सुरू होईल तेव्हा ती परत आलेली असेल आणि आपण सगळं चुकवलेलं असेल? हे तर फारच वाईट. परत येणं पडद्यावर दिसलंच पाहिजे.

लिवाकर:
अवांतर: मी अबू धाबीत असते. आधीच्या भागांतलं अराकिसचं बरंचसं वाळवंट म्हणजे इथलं लिवा. सुट्टीत पुण्याहून पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणं हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. दुपारी वाळूत चपला घालून दहा पावलं टाकली की अराकिसच्या वाळवंटातले फ्रेमेन लोक पाणी राखणारे ते अंगभर सूट का घालतात ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिसऱ्याचं मुख्य चित्रीकरण बुडापेस्टला झालं, पण वाळूसाठी परत इकडेच आले होते.

चानीबद्दल: पुस्तकात ती कुठेच जात नाही हे ताईंना कुणी सांगितलं का?

आडवाट:
सांगायचं राहिलंच. (इथून पुढे जबर स्पॉयलर. नवरोबा चुकून आले असतील तर मागे फिरा.)

पुस्तकात चानी पॉलजवळच राहते. इरुलान नावापुरती बायको, चानी मनाची. इरुलान तिच्या जेवणातून तिला गर्भ राहू नये असं औषध गुपचूप देत असते. पुढे चानी फ्रेमेनांचा पारंपरिक आहार सुरू करते, त्यात मसाला भरपूर, गर्भ राहतो, भराभर वाढतो आणि जुळ्यांना जन्म देताना ती जाते. लेटो आणि गनिमा ही जुळी. पॉलला हे आधीच दिसलेलं असतं. इरुलानच्या औषधाने चानीचं मरण लांबलं म्हणून तो मनातल्या मनात त्या औषधाचे आभारच मानतो. पुस्तकातली सगळ्यात क्रूर जागा हीच, असं माझं मत.

आता सिनेमाची अडचण बघा. हा सगळा भाग चानी त्याच घरात, त्याच ताटावर असण्यावर अवलंबून आहे. तिला वाळवंटात पाठवून व्हिलनवने स्वतःच्या पायात काटा रुतवून घेतलाय. किंवा मुद्दाम घेतलाय. मला मुद्दाम वाटतं. पुस्तकात पॉलवर नाराज फ्रेमेनांचा वेगळा कट आहे, त्यात कोरबा नावाचा त्याचाच पुजारी असतो. त्या नाराजीला सिनेमात चेहरा हवा, आणि दुसऱ्या भागात ‘हे भाकीत म्हणजे आमच्या गळ्यात घातलेला दोर आहे’ अशा अर्थाचं बोलणारी एकच व्यक्ती होती. तेव्हा तुमचे यजमान निम्मे बरोबर असू शकतात. ती विरोधात असेल, पण मारायला नाही.

नागपुरी_उन्ह:
माझा तर्क ऐका राजे हो. रॉबर्ट पॅटिन्सन आलाय, तो स्काइटेलच असेल असं सगळे धरून चाललेत. स्काइटेल म्हणजे कुणाचंही रूप घेणारा. मग जी चानी परत येईल ती खरी कशावरून?

टिनपाट:
अरे बापरे. हे भारी आहे.

हस्तलिखित:
भारी आहे, पण टिकत नाही. पुस्तकात स्काइटेल पॉलचा जुना फ्रेमेन साथीदार ओथेम याच्या मुलीचं, लिचनाचं रूप घेऊन पॉलपुढे येतो, आणि पॉल त्याला ओळखतो. ओळखूनही त्याच्या मागे जायला तयार होतो, कारण वाट तिथूनच जाते. चानीच्या बाबतीत पॉल फसला असं दाखवलं तर तो साधा फसवला गेलेला नवरा होईल, बाकी काही उरणार नाही. शिवाय जुळी मुलं खऱ्या चानीचीच लागणार.

जुळ्यांवरून आठवलं. या भूमिकांसाठी चांगली मोठी मुलं घेतली आहेत. लेटो म्हणून नाकोआ-वुल्फ मोमोआ, म्हणजे जेसन मोमोआचा मुलगा, आणि गनिमा म्हणून आयडा ब्रूक. पुस्तक संपतं तेव्हा ही दोघं काही तासांची असतात! म्हणून काही लोक म्हणतायत की सिनेमा पुढच्या पुस्तकात, १९७६ च्या ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’मध्ये घुसणार. मला नाही वाटत. व्हिलनवने पॉलची गोष्ट इथे संपवून थांबणार असं सांगितलंय.

मला वाटतं उत्तर शेवटच्या प्रसंगात आहे. स्टोन बर्नर नावाच्या अण्वस्त्राने पॉलचे डोळे गेलेले. तरी भविष्याच्या जोरावर तो डोळस माणसासारखा वावरतो, पण चानी गेल्यावर ती दृष्टीही जाते. जुळी जन्माला येतील हे त्याला दिसलेलंच नव्हतं, त्याने एकच मूल पाहिलं होतं. स्काइटेल तान्ह्या मुलांवर सुरी धरून सौदा मांडतो, आणि ठार आंधळा पॉल लेटोच्या डोळ्यांनी पाहून क्रिसनाइफ (फ्रेमेनांची सुरी) फेकतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांनी! हे कागदावर जमतं. पडद्यावर बाळाचा क्लोजअप आणि मग सुरी असं दाखवलं तर थिएटरात हशा पिकेल. तिथे लेटो मोठा होऊन बापासमोर उभा राहिला, दोघं बोलले, की प्रसंग उभा राहतो. मोठी मुलं घेण्याचं कारण मला तरी हेच दिसतं.

आडवाट:
हे पटलं. म्हणजे एकाच खोलीत मोमोआ बाप-लेक दोघेही. मेलेला डंकन आयडाहो (जेसन मोमोआ) परत येतोय ना, घोला म्हणजे मृतदेहातून घडवलेला माणूस होऊन, धातूचे डोळे लावून. त्याला पाहून आलियाचं जे होतं त्याला निदान वीस मिनिटं द्या रे बाबांनो.

जुना_खोंड:
मंडळी, तर्क छान चाललेत, पण ताईंनी सल्ला मागितला होता.

माझा क्रम असा. पहिलं पुस्तक घ्या, घाई करू नका, शब्दांची यादी सारखी चाळू नका, नाही कळलं तर पुढे जा. मग दुसऱ्या सिनेमाचा शेवटचा अर्धा तास परत पाहा. मग ‘मसाया’. पहिल्यासारख्या लढाया तिथे शोधू नका, माणसं खोल्यांत बसून बोलतात. पॉल त्याच्या फ्रेमेन सरदाराला, स्टिलगारला चंगीझखान आणि हिटलरबद्दल सांगतो ते पान नीट वाचा. त्यांनी मारलेल्यांचे आकडे ऐकून स्टिलगारला काहीच विशेष वाटत नाही, आणि मग पॉल स्वतःच्या धर्मयुद्धाचा हिशेब सांगतो: ६१ अब्ज माणसं, ९० ग्रह निर्जीव. पहिलं वाचून पॉलच्या प्रेमात पडलेल्यांना हर्बर्टने दिलेली ही थप्पड होती. ज्या ‘ॲनालॉग’ मासिकात ‘ड्यून’ क्रमशः आलं, त्याच्या संपादकाने, जॉन कॅम्पबेलने, ‘मसाया’ घेतलंच नाही. ते १९६९ साली ‘गॅलक्सी’त आलं. नायकाचं असं वाटोळं झालेलं त्याला नको होतं. दुसरा सिनेमा पाहून ‘लिसान अल गैब’ (फ्रेमेनांचा तारणहार) ओरडत बाहेर पडलेल्या पोरांचं डिसेंबरात काय होणार हे पाहायला मी खास जाणार आहे.

पुस्तक होत नसेल तर २००३ ची ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’ मालिका आहे. तीन भागांची, पहिल्या भागात ‘मसाया’ बऱ्यापैकी नीट येतं. वाळवंट सेटवरचं आहे हे लगेच कळतं, पण नट मंडळी चांगली आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या भागात पुढच्या पुस्तकाची गोष्ट आहे, तेव्हा पहिला पाहून बंद करा.

टिनपाट:
त्याच तारखेला ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’ पण आहे. मोठ्या पडद्यांसाठी मारामारी होणार. बुकिंग उघडल्या उघडल्या तिकिटं काढा, नाहीतर पहिल्या रांगेत मान वर करून ६१ अब्ज मोजा.

लिवाकर:
एक धागा कुणीच पकडला नाही. लेडी मार्गो फेनरिंग. दुसऱ्या भागात ही बेने जेसेरिट बाई बॅरनच्या पुतण्याची, फेड-राउथाची मुलगी पोटात घेऊन बसली आहे. ‘मसाया’त त्याचं काही होत नाही. पण सिनेमात ली सेडूसारखी नटी एवढ्यासाठीच घेतली असेल?

आडवाट:
घेतली असेल. पाच मिनिटांच्या भूमिकेत मोठी नावं टाकायची त्यांना सवयच आहे. सम्राट झालेल्या वॉकेनला काय होतं सांगा बरं.

वाळूमांजर:
सगळ्यांचे आभार. जुना_खोंड यांचा क्रम धरते, पहिलं पुस्तक आजच मागवलं. नागपुरी_उन्ह, शंभर पानांत अडकले तर तुम्हालाच येऊन छळणार.

आणि चानीबद्दल माझा तर्क आता बदललाय. पॉल दुसऱ्या भागात म्हणतो ना, की ती समजून घेईल, आपण ते पाहिलंय. त्याला तेव्हाच सगळं दिसत असेल, तर ती परत आली की पुढे काय होणार तेही दिसत असणार. मग तो तिला परत बोलावेलच कशाला? मला वाटतं तो बोलावणार नाही. ती आपल्या पायांनी येईल, आणि तो दारात आडवा उभा राहील.

हस्तलिखित:
हा तर्क आतापर्यंतचा सगळ्यात चांगला. डिसेंबरात धागा वर काढा, तेव्हा बोलू.

नागपुरी_उन्ह:
शंभरावं पान आलं की सांगा ताई. माझं अजून एकशे बारावर आहे.