ब्राऊन एलचं टेस्टिंग कसं करायचं, मार्क कशावर द्यायचे?

कोथरूडचा_फेस:
मंडळी, मदत हवीये. आम्ही मित्र अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमतो आणि एकाच प्रकारच्या बिअर शेजारी शेजारी ठेवून चाखतो, या वेळी ब्राऊन एल (तपकिरी रंगाची बिअर) होती, दोन वेगवेगळ्या मायक्रोब्रुअरीतून ग्राउलर (बिअर भरून न्यायच्या मोठ्या बाटल्या) भरून आणले होते. एकीत छान कॅरमल लागत होतं, दुसरीत वास एकदम बटरस्कॉचचा. अर्धे म्हणाले हीच भारी, अर्धे म्हणाले फॉल्ट आहे. शिवाय एकाने "एवढी गडद आणि कडू नाही?" म्हणून दोन्हींचे मार्क कापले, ते मला अजिबात पटलं नाही. नक्की काय बघायचं?

माल्टवाला_औंध:
ते कापलेले मार्क आधी परत द्या! ब्राऊन एल म्हणजे स्टाऊट (ती काळपट, भाजक्या चवीची बिअर) नव्हे. ब्रिटिश ब्राऊनचा कडूपणा 20 ते 30 आयबीयूच्या (कडूपणा मोजायचं एकक) आसपास असतो, हॉप्सचं (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) काम तोल सांभाळण्याचं, खरी मजा माल्टची (मोड आणून वाळवलेलं धान्य), टोस्ट, कॅरमल, सुकामेवा, जरासं चॉकलेट. हा रंग भाजलेल्या माल्टमुळे येतो, त्याचा कडूपणाशी थेट संबंध नाही. ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून बघा, कडेला लालसर तांबूस झाक दिसायला हवी.

आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका हो प्लीज, थंडगार बिअरमध्ये माल्टचा वास दबून जातो. 10 ते 13 डिग्रीला मार्क द्या. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या स्पर्धांमध्ये 50 पैकी मार्क असतात, वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5 आणि एकंदरीत 10. दिसण्याला फक्त 3! आपण मात्र रंग बघूनच मत बनवून टाकतो.

यीस्ट_आणि_मी:
बटरस्कॉचचं सांगतो. तो बहुतेक डायअसिटिल आहे, म्हणजे लोण्यासारखा वास देणारं रसायन. आंबवताना यीस्टच तो तयार करतं आणि शेवटी थोडे दिवस ऊब आणि वेळ मिळाला की यीस्टच तो परत खाऊन टाकतं, घाईघाईत बिअर गार करून टाकली की मागे राहतो. ब्राऊन एलमध्ये ओळखायला अवघड, कारण कॅरमल माल्ट शेजारीच बसलेला असतो. मी असं करतो, घोट गिळल्यावर जीभ टाळूला घासून बघायची, तुपकट बुळबुळीत थर जाणवला तर डायअसिटिल, कॅरमल माल्टचा गोडवा असा चिकटून राहत नाही, त्यात थोडी भाजल्याची चव असते. काही इंग्लिश एल्समध्ये किंचित चालवून घेतात, पण वास घेताच बटर आठवत असेल तर माझ्याकडून मार्क जाणार.

अजून एक, बटरसोबत आंबटही लागत असेल तर दोष नळाच्या न धुतलेल्या पाईपचा असू शकतो, त्यात वाढणारे बॅक्टेरिया पण हेच करतात. तिथेच जाऊन दुसऱ्या नळाची बिअर चाखून बघा आणि मॅनेजरला नीट सांगा, चांगले ब्रुअर ऐकून घेतात.

डेक्कन_क्वीन:
आधी ब्रुअरीला विचारा की ब्रिटिश पद्धतीची आहे की अमेरिकन. 1902 मध्ये लंडनला आलेली मॅन्स ब्राऊन गोड आणि हलकी, 1927 ची न्यूकासल जास्त कोरडी, नटी, आणि अमेरिकन ब्राऊनमध्ये हॉप्स उघड जाणवतात, कधी लिंबूवर्गीय वासही असतो. दोन्हींना एकाच फूटपट्टीने मार्क दिले तर एकीवर अन्याय होणारच. टेबलावर लसणीची शेव, चकली असलं काही ठेवू नका, साधा पाव आणि पाणी बास.

कोथरूडचा_फेस:
@यीस्ट_आणि_मी, उरलेली बिअर आत्ता कोमट होऊ देऊन जीभ टाळूला घासून बघितली. थर स्पष्ट जाणवतोय, आंबट अजिबात नाही. म्हणजे पाईप नाही, घाईच केलेली दिसते. ब्रुअरला मेसेज टाकतोय.