मदत हवी आहे: बोक्याला पिसवा, गावच्या पिल्लाला गोचीड (इंदूर)

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घर जुनं, फरश्यांच्या फटी बोट जाईल एवढ्या. घरात ४ वर्षांचा बोका आहे, दिवसभर गच्च्यांवर हिंडणारा. मे महिन्यात आम्ही महिनाभर पुण्याला लेकीकडे होतो. बोका शेजारच्या काकूंकडे जेवला-झोपला, घराला कुलूप. परत येऊन दार उघडलं आणि पाच मिनिटांत पाय खाजायला लागले. यजमानांच्या पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके टणाटण उडत होते. महिनाभर घरात ना माणूस ना मांजर, मग या पिसवा आल्या कुठून आणि जगल्या कशावर?

बोक्याला दोनदा आंघोळ घातली. (माझे हात बघवत नाहीत.) दोन दिवस बरं वाटतं, की पुन्हा कराकरा खाजवणं सुरू. शेपटीच्या मुळाशी केस विरळ झालेत. २०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत पहिलं म्हणून मिरवतंय आणि माझ्या घरात पिसवा, त्यामुळे गल्लीत कोणाला विचारायचीही सोय नाही.

दुसरं प्रकरण गावचं. दिरांची शेती देपालपूरकडे आहे. गेल्या रविवारी तिथून मांजराचं साधारण ६ आठवड्यांचं पिल्लू आणलं, गोठ्यातच जन्मलेलं. कानाच्या कडेला एक आणि हनुवटीखाली दोन राखाडी दाणे होते. मला वाटलं चामखीळ असेल, नीट बघते तर पाय! दीर म्हणाले, "वहिनी, गाईंना मारतो ते औषध थोडं लावून टाका, संध्याकाळपर्यंत गळून पडतील." मी लावलं नाही, दुकानात गेले. मी सांगतेय पिस्सू (पिसवा), तो समजतोय किलनी (गोचीड). शेवटी "कीड़े ही हैं ना, सबका एक ही है" म्हणत त्याने एक ट्यूब हातात ठेवली. घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर वर कुत्र्याचं चित्र आणि परमेथ्रिन लिहिलेलं. मोठ्या कुत्र्याची आहे म्हणून अर्धीच बोक्याला लावली तर चालेल का? आणि पिल्लाचं काय करू?

खिडकीतली माऊ

ताई, अर्धी काय, थेंबसुद्धा नको! परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराला विष आहे. मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही, म्हणून ते अंगात साचत जातं. थरथर, लाळ, मग झटके. दिरांचं औषध बहुतेक डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असेल. तेही नकोच. मांजर स्वतःला चाटतं, त्यामुळे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. कोणी चुकून लावलंच असेल तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा आणि थेट डॉक्टर गाठा. तेवढ्याचसाठी कापूर, फिनाइल, डांबराच्या गोळ्या, टी ट्री तेल हे "घरगुती" उपायही मांजराच्या वाटेला न्यायचे नाहीत.

बंद घराचं कोडं सोपं आहे. अंगावर दिसते ती पिसू म्हणजे फार थोडा भाग. अंडी केसांतून गळून फटींत, गाद्यांत पडतात. अळ्या तिथेच पिसवांच्या विष्ठेवर वाढतात आणि कोष करतात. त्या कोषात पिसू कित्येक आठवडे, कधी महिनेही थांबून राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला वायू जाणवला की बाहेर उडी. तुम्ही कुलूप काढलंत आणि त्यांना जेवणाची घंटा ऐकू आली.

म्हणून नुसती आंघोळ घालून उपयोग नाही. बोक्याला मांजरासाठीच असलेले फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचे थेंब, वजन करून, डॉक्टरांना विचारून, मानेवर जीभ पोचणार नाही तिथे. दर महिन्याला, निदान तीन महिने तरी. घरात फटींतून व्हॅक्यूम, आणि त्यातला कचरा लगेच पिशवी बांधून बाहेर. चादरी, गोधड्या कडक गरम पाण्यात. ऊन मिळालं तर गाद्या उन्हात टाका, पण आता पावसाळ्यात ते कुठलं मिळायला!

गोठ्याकडून

पिल्लाला सध्या औषधापेक्षा तुमचे हातच बरे. बहुतेक थेंब ८ आठवड्यांखाली चालत नाहीत. बारीक दातांची फणी घ्या, प्रत्येक ओढीनंतर साबणाच्या पाण्यात बुडवा. हिरड्या बघत राहा. पांढरट दिसल्या तर वाट न बघता डॉक्टर गाठा, एवढ्याशा जिवाला पिसवा रक्त पिऊन अशक्त करतात.

गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरायचा आणि सरळ, हळूहळू ओढायचा. पिळायचा नाही, रॉकेल-तेल लावायचं नाही, काडीने चटका तर अजिबात नाही. बोटांनी चिरडूही नका, बंद बाटलीत स्पिरिटमध्ये टाका. आमच्याकडे मोठ्या मांजरांना गोचीड कमीच लागतात, चाटून काढतात. उरतात ते कान, मान, हनुवटी, जिथे जीभ पोचत नाही तिथेच. तुम्हालाही नेमके तिथेच सापडले. आणि दिरांना सांगा, गाईंवर फवारलं की पुढच्या पिल्लांना ते वाळेपर्यंत तरी गोठ्याबाहेर ठेवा.

महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, दोघांनाही एकदा दाखवून आणा.

धागाकर्ती

ट्यूब परत केली. दुकानदार म्हणाला, "आज तक किसी ने शिकायत नहीं की." मांजर कशी तक्रार करणार, बाबा!

तिन्ही गोचीड निघाले. दीर फोनवर हसले, पण पाच मिनिटांनी औषधाच्या बाटलीचा फोटो पाठवून "यात काय आहे हो वहिनी?" विचारलं. डेल्टामेथ्रिनच निघालं. बोक्याखालच्या चादरीवरची काळी पूड ओल्या पांढऱ्या कापडावर घेतली तर तांबूस डाग पसरला, म्हणजे पिसवांचीच घाण. शनिवारी महूला जातोय. एक विचारायचं राहिलं: बोक्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलंय, एक तर हललं. हेही पिसवांमुळेच?

खिडकीतली माऊ

हो. चाटताना पिसू गिळली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो, ते त्याचेच तुकडे. एक दाणा डबीत घालून शनिवारी सोबत न्या, डॉक्टर जंताचं औषध वजनावर देतील. पण पिसवा राहिल्या तर जंत परत येणार, व्हॅक्यूम सोडू नका.