पिकअप मधेच टिंग-टिंग करतेय, काय करू? (मदत हवी आहे)

शिवनेरीकर
नमस्कार मंडळी. गाडी मधेच टिंग-टिंग वाजायला लागते आणि आवाज आपोआप थांबतो. एका गॅरेजात विचारलं तर म्हणे सेन्सर गेलाय, गाडी ठेवून जा. टोमॅटोचा तोडा चालू आहे, गाडी ठेवून कसं चालेल? परवा पहाटे माल कल्याणला पोचवायचाय. आवाजाची वायर काढून टाकली तर चालेल का? कुठली वायर ते सांगा. लवकर सांगा, प्लीज.

वर्षा_प
गाडी कुठली, कुठल्या सालची? कधी वाजते? सुरू करताना, वेगात, रिव्हर्सला? मीटरमध्ये कुठला दिवा लागतो?

रानवारा
हे सीटबेल्टचंच. बेल्टच्या खाचेत अडकवायची क्लिप मिळते, ती लावून टाका. माझ्या गाडीत कायम असते, एकदा लावली की आवाज विषय बंद.

डिझेलदादा
रानवारा, असले सल्ले देऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन दुकानांना त्या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. बेल्ट नसला तर एक हजार दंड आहे तो वेगळाच. माळशेजच्या उतारावर भरलेली गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला तुम्ही क्लिप सुचवताय?

रानवारा
दादा, मी बांधावरच्या रस्त्याबद्दल बोलतोय. दर दहा मिनिटांनी उतरायचं, पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायचा, परत चढायचं. तिथे दर वेळी बेल्ट कोण लावतो? हायवेला मीही लावतोच.

डिझेलदादा
मग हायवेला लागताना ती क्लिप काढायची आठवण कोण करून देणार? आवाज तर तुम्हीच बंद केलाय.

शिवनेरीकर
अहो भांडू नका, माझं सांगा. गाडी डिझेल, बीएस-६, सिंगल केबिन. बेल्ट मी लावतोच. शेजारी कुणी नसतं. तरी वाजते.

वर्षा_प
शेजारच्या सीटवर सामान असतं का?

शिवनेरीकर
वजनकाटा असतो. मागे कॅरेट भरलेले असतात, तिथे ठेवला तर चेपतो. त्याचा काय संबंध?

वर्षा_प
संबंध आहे. अनेक गाड्यांत त्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. काटा ठेवला की गाडीला वाटतं माणूस बसलाय आणि त्याने बेल्ट लावलेला नाही. थोडं पुढे गेलात की वाजणार, काही वेळाने थांबणार. काटा सीटवरून काढा, पायाशी नाहीतर सीटमागे घट्ट बसवा. सीटवरच ठेवायचा असेल तर त्याच्यावरून तो बेल्ट लावा. ब्रेक मारल्यावर काटा घसरून तुमच्या पायात येणार नाही, हा आणखी फायदा.

टेक्सासकर
इकडे ह्यूस्टनला माझ्याकडे फोर्डची एफ-१५० पिकअप आहे. रिव्हर्स टाकला की भिंत नसतानाही बीप वाजायचं. मागच्या सेन्सरला ट्रेलर ओढायचा गोळाच दिसत होता! तो काढून ठेवला की शांत. ट्रेलरची वायर जोडली की मागचे सेन्सर आपोआप बंद होतात. शिवाय ड्रायव्हरच्या दारावर आकड्यांची पट्टी आहे, चावी आत ठेवून आकडे दाबले की दार उघडतं. नदीवर पोहायला जाताना फार उपयोगी.

वर्षा_प
टेक्सासकर, छान माहिती, पण त्यांची गाडी पुढे जाताना वाजतेय.

शिवनेरीकर
काटा खाली ठेवला. निघताना वाजायचं ते बंद झालं, आभार. पण काल रिकामी येताना घाट चढताना परत वाजली. वर सपाटीला आलो की थांबते.

डिझेलदादा
म्हणजे आवाज दोन आहेत, तुम्ही एकच धरून चाललात. टिंग-टिंग एवढंच सांगतं की मीटरकडे बघ. खरं उत्तर दिवा देतो. चढाला कुठला दिवा लागतो?

शिवनेरीकर
पिवळा एक लागतो. खाली थेंबासारखं काहीतरी. तो पावसाळ्यापासून अधूनमधून लागतोच, म्हणून लिहिलं नाही.

डिझेलदादा
तेच ते! डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा आहे. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून फिल्टरच्या तळाशी बसतं आणि तिथेच त्याचा सेन्सर असतो. पाणी सेन्सरच्या काठाला आलं की गाडी कलल्यावर वाजतं, सपाटीला थांबतं. पुस्तिकेत याच चिन्हाचं पान बघून खात्री करा.

वायर अजिबात काढू नका. आताच्या डिझेल इंजिनात पंप आणि इंजेक्टरला (डिझेल आत फवारणारा भाग) वंगण डिझेलचंच मिळतं. आत पाणी गेलं तर घासतात, गंजतात. इंजेक्टरचा खर्च टोमॅटोच्या पट्टीतून निघणार नाही.

इंजिन बंद, गाडी सपाट जागी. फिल्टरखाली बाटली धरा, शक्यतो काचेची. तळाला वायरचा कपलर असेल तर आधी अलगद काढा. मग खालचा स्क्रू थोडा सैल करा, पूर्ण काढू नका. बाटलीत पाणी खाली आणि डिझेल वर असं वेगळं दिसेल. स्वच्छ डिझेल यायला लागलं की आवळा. फिल्टरवर हातपंप असेल तर कडक लागेपर्यंत दाबा, मगच स्टार्टर मारा. स्क्रू हाताने हलत नसेल तर पान्याने जोर लावू नका, प्लास्टिकचा असतो. मेकॅनिककडे जा, पण त्याला "आवाज येतो" म्हणू नका, "फिल्टरमधलं पाणी काढ" म्हणा.

रानवारा
हे पटलं. पाणी पंपावरच्या डिझेलमधून आलं असणार, दुसरं काय!

डिझेलदादा
तसंच असेल असं नाही. टाकी अर्धी ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं. पावसाळ्यात संध्याकाळीच टाकी भरून ठेवत जा. काढल्यावर दोन-चार दिवसांत दिवा परत लागला तर मात्र डिझेल भरायचा पंप बदला आणि टाकी तपासून घ्या.

शिवनेरीकर
बाटलीत बोटभर पाणी निघालं. दिवा गेला. उद्या घाटात कळेल. स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक आहे, ते कशाचं? तेही फिरवून बघू का?

वर्षा_प
जरूर. ते हेडलाइट खाली-वर करायचं आहे. माल भरला की मागची बाजू बसते, दिव्याचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. भरलेल्या गाडीला २ किंवा ३ वर ठेवा, रिकामी येताना ०. माळशेजच्या धुक्यात झोत खाली असला की तुम्हालाही रस्ता नीट दिसेल.

रानवारा
माझ्या गाडीतलं ते चाक फिरतं, पण दिवे हलत नाहीत. फ्यूज बघू का? की यालाही वेगळा धागा काढू?

वर्षा_प
वेगळा काढा. आणि गाडीचं मॉडेल पहिल्याच ओळीत लिहा.