डॉ. प्र. कु. सेन यांना 'नक्कलबहाद्दर' म्हणणाऱ्यांसाठी

परळचा पाहुणा
परवा 'कात्री' यांनी इथे ठोकून दिलं की मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे सर्जन सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये केलेलं हृदयारोपण ही बर्नार्डची, म्हणजे माणसात पहिलं हृदय बसवणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सर्जनची, नक्कल. पेशंट तीन तासांत गेला, प्रोफेसरसाहेबांचं नाव झालं. वर सल्ला, सर्जनने हात चालवावेत, पेपर कारकुनांनी लिहावेत. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

बर्नार्डचं पहिलं आरोपण केपटाउनला, 3 डिसेंबर 1967. सेनांचं जगातलं सहावं. अडीच महिन्यांत वर्तमानपत्र वाचून कुणी हृदय बसवायला शिकतं का? सेनांच्या विभागात कुत्र्यांवरचे प्रयोग आधीपासून चालू होते. आणि नक्कलच म्हणायची तर बर्नार्डला का सोडता? कुत्र्यांवरची पद्धत अमेरिकेत स्टॅनफर्डला शमवे आणि लोअर या सर्जननी बसवली, 1960 मध्ये छापली. छापली म्हणून केपटाउनला पोचली, परळलाही पोचली. कारकुनी म्हणता ती हीच.

तीन तासांचं म्हणाल, तर अमेरिकेत ब्रुकलिनला सर्जन कँट्रोविट्झने ज्याला हृदय बसवलं ते बाळ काही तासांतच गेलं आणि बर्नार्डचा पहिला पेशंट 18 दिवसांत. त्या सुरुवातीच्या काळात बहुतेकांची हीच गत.

कात्री
वा, आरतीच झाली. बर्नार्डचा दुसरा पेशंट दीड वर्षाहून जास्त जगला, हे सोयीस्करपणे गाळलंत.

मेंदूमृत्यूचे, म्हणजे हृदय चालू असलेला दाता मेला हे कसं ठरवायचं याचे, हार्वर्डचे निकष आले ऑगस्ट 1968 मध्ये. आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. त्याच वर्षी सर्जन वेणुगोपालांनी दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी आरोपण केलं. मग त्या फेब्रुवारीत घाई कसली होती? महापालिकेच्या वॉर्डातला गरीब माणूस मोठ्या डॉक्टरांना 'नको' म्हणणार होता का? बाकीच्यांनी गाशा गुंडाळल्यावरही शमवे शरीर हृदय का नाकारतं ते वर्षानुवर्षं शोधत बसला. त्याला संशोधक म्हणतात.

टाका_दोरा
संशोधनाची एवढी पूजा चाललीय म्हणून विचारतो, संशोधन करतं कोण? मी (कॉलेज सांगत नाही, अजून डिग्री हातात यायचीय) रात्र-रात्र रेकॉर्ड रूममध्ये बसून बायपासच्या जुन्या फायली उपसल्या. पेपर आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं सरांच्या मित्राचं. हे गृहस्थ आमच्या ऑपरेशन थिएटरात कधी दिसलेले नाहीत. माझं सहावं. बढतीला पहिल्या काही नावांचंच मोल, त्यामुळे रांगेत घुसाघुशी. अॅकॅडमिक, म्हणजे शिकवणारे-संशोधन करणारे, सर्जन म्हणे!

निवृत्त_शल्यक
टाका_दोरा, पेपरचा लेखक कोणाला म्हणायचं याचे वैद्यकीय नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय संपादकांचे निकष वाचा. नुसता डेटा गोळा केला, लिखाणात हात नाही, तर तो लेखक धरत नाहीत. आभारात नाव येतं. सहावं मिळालं हेच खूप समजा.

टाका_दोरा
मसुदा सरांनी लिहिला असं वाटतंय का तुम्हाला? सरांनी फक्त फाँट बदलायला सांगितला! आणि त्याच निकषांनी ते मित्र कुठे बसतात, तेही सांगा. तुमच्या पिढीनेच ही सवय लावली.

जुनी वही
पिढीचं नका काढू. 1944 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सर्जन ब्लेलॉकने निळ्या बाळाचं (हृदयदोषामुळे ऑक्सिजन कमी पडून निळं पडलेल्या) पहिलं ऑपरेशन केलं, तेव्हा मागे स्टुलावर उभा राहून टाके सांगत होता त्याचा प्रयोगशाळेतला सहायक व्हिव्हियन थॉमस. कुत्र्यांवर ते तंत्र त्यानेच घोटलेलं. पुढच्या वर्षीच्या पेपरवर नावं ब्लेलॉक आणि बालहृदयतज्ज्ञ टॉसिग यांची. थॉमस कृष्णवर्णीय, डॉक्टरकीची पदवी नाही. विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली ती 1976 मध्ये.

परळचा पाहुणा
धागा सेनांचा आहे हो! आणि नावांचंच काढलंत तर सेनांचा 1965 चा, रक्त पोचावं म्हणून हृदयाच्या स्नायूत सुया टोचण्यावरचा पेपर बघा. उदवाडिया आणि परुळकर ही तेव्हाची तरुण मंडळी सहलेखक आहेत. उदवाडिया म्हणजे पुढे लॅपरोस्कोपीत (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत) गाजलेले तेच.

कात्री
सुयांचं तुम्हीच काढलंत, बरं झालं! सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला आतल्या पोकळीतून थेट रक्त मिळतं, तर माणसाच्या हृदयालाही भोकं पाडू. नव्वदच्या दशकात तेच लेझरने झालं, 1998 मध्ये अमेरिकेत मंजुरीही मिळाली. पुढे कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या नळीने) दिलेल्या लेझरची, पेशंटला न कळू देता, खोट्या उपचाराशी तुलना झाली, तेव्हा फरक दिसेना.

निवृत्त_शल्यक
मग? ती चाचणी करणारेही अॅकॅडमिकच. नुसते हात चालवणारे अजून भोकं पाडत बसले असते. माझ्या थोरल्या भावाची हृदयाची झडप एका शिकवणाऱ्या प्रोफेसरांनी बदलली. कोणती झडप का, ती किती वर्षं टिकते, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कोणाला लागतात, हे कागदावर काढून समजावलं. आधी दुसऱ्या एका नामांकित 'हाता'कडे गेलो होतो, तिथे विचारलं तर उत्तर मिळालं, "विश्वास नसेल तर दुसरीकडे जा." गेलो.

कात्री
एका भावावरून सिद्धांत नको. तरी ठीक, 'नक्कल' मागे घेतो. कुत्र्यांचे प्रयोग होते, मान्य. घाईचा आक्षेप कायम, आणि त्या पेशंटच्या संमतीबद्दल पाहुणेसाहेब अजून अवाक्षर बोललेले नाहीत.

टाका_दोरा
निवृत्त काका, ते मित्र निकषात कुठे बसतात हे राहिलंच. वाट बघतोय.